फितीवरची आवृत्ती आणि दगडूआबांचं फुफ्फुस

मी बॅकअपचं काम करते असं जळगावात कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस आधी पंख्याकडे बघतो. मग विचारतो, "किती तास चालतो?"

त्याची चूक नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात वीज गेली की माणसाला एकच बॅकअप आठवतो, आणि तो जिन्याखाली पाटावर बसलेला असतो. एका क्लासवाल्या सरांनी मला मोठ्या अगत्याने बोलावून घेतलं, चहा पाजला आणि मागच्या खोलीत नेऊन दोन बॅटऱ्या दाखवल्या. "पाणी वेळच्या वेळी घालतो, तरी तुमची एक नजर असू द्या." एवढ्या उन्हात गेलेच होते, म्हणून मी झाकण उघडून पाण्याची पातळी बघून घेतली. ठीक होती. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायच्या, "आमची वंदना इन्व्हर्टरचं बघते." मी दुरुस्ती करायचं कधीच सोडून दिलं होतं, कारण खरं काय ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा फार पडायचा.

खरं काय ते असं. दवाखाना, कॉलेज, कारखाना, कुठेही चार-सहा संगणक एकमेकांना जोडलेले असतात. त्यांच्यात जे काही साठतं त्याची रोज आपोआप एक प्रत निघते आणि वेगळ्या जागी जाऊन बसते. संगणक बंद पडला, चोरीला गेला, किंवा कुणी नको ते बटण दाबलं, तर ती प्रत काढायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. हे सगळं करणारा एक प्रोग्रॅम असतो. तो बसवणं, त्याची दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते ती चढवणं, आणि चढवल्यावर जे जे रुसेल त्याची समजूत काढणं, हा माझा धंदा. सगळं सुरळीत असलं की माझी कुणाला आठवण येत नाही. फोन आला की मी आधी समजते, काहीतरी गेलं.

या धंद्यातली पहिली शिकवण मला एका फोटो स्टुडिओने दिली. मालक शिस्तीचा माणूस. मला बोलावण्याआधी कित्येक वर्षं तो रोज दुकान बंद करताना स्वतःच्या हाताने बॅकअप घ्यायचा, अगदी उदबत्ती लावल्यासारखा. एक दिवस संगणक गेला आणि मी ती प्रत उघडली. आत एकच गोष्ट होती. पडद्यावर फोटोंच्या कप्प्याचं जे लहानसं चित्र असतं ना, ज्याच्यावर बोट दाबलं की कप्पा उघडतो, ते चित्र. कप्पा नाही. माणूस वर्षानुवर्षं घराच्या दाराची नक्कल करून ठेवत होता आणि घर तिथेच होतं. त्याला हे समजावून सांगणं मला जड गेलं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला एकच विचारते, बॅकअप घेता हे कळलं, पण उघडून कधी बघितलात का? बहुतेक जण त्यावर चहा मागवतात.

आता धुळ्याची गोष्ट.

धुळ्यात एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन काढणारं एक केंद्र आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही. मालक डॉक्टर देवरे. हुशार, घाईतले, आणि जुन्या वस्तूंचा मनापासून कंटाळा असलेले. केंद्राचा सगळा कारभार मात्र इक्बालभाईंच्या हातात. उंचेपुरे, पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, आणि आवाज असा की रांगेतली लहान मुलं रडायची थांबतात. एक्स-रे मशीन चालवण्यापासून त्यांनी तिथे सुरुवात केली होती, आता ते मॅनेजर आहेत. मला ते पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणतात आणि पहिल्या दिवसापासून माझी थट्टा करतात.

तिथला बॅकअप जुन्या पद्धतीचा होता, फितीवरचा. गाण्याची कॅसेट असायची ना, तशीच, पण जाड आणि चौकोनी. रोज एक फीत आत, एक फीत बाहेर. माझ्याआधी पुण्याच्या एका माणसाने ते बसवून दिलं होतं. चालत होतं, पण म्हातारं झालं होतं. मग डॉक्टरांनी नवा सर्व्हर, म्हणजे सगळे फोटो साठवणारा मुख्य संगणक, घेतला आणि मला सांगितलं, "ताई, बॅकअपचंही नवं करून टाका."

नवं करून टाकणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी प्रत्येक आवृत्तीबरोबर एक भलीमोठी यादी देते. तिच्यात कोणाचं कोणाशी जमतं ते लिहिलेलं असतं. हा सर्व्हर चालेल, तो चालणार नाही. ही विंडोज चालेल, तिच्याआधीची चालणार नाही. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत, अमुक आवृत्तीच्या आधी घेतलेले बॅकअप यापुढे वाचता येणार नाहीत. लोक कादंबरी शेवटापासून वाचत नाहीत. मी ही यादी नेहमी शेवटापासून वाचते.

पहिली कुरबुर केली एक्स-रे मशीनच्या संगणकाने. त्याच्यावर इतकी जुनी विंडोज होती की नवा प्रोग्रॅम त्याच्याशी बोलायलाच तयार नव्हता, आणि ती बदलली तर मशीनची कंपनी जबाबदारी घ्यायला तयार नव्हती. शेवटी मी मधला मार्ग काढला. जुन्या संगणकाने आपले फोटो शेजारच्या संगणकावर आणून ठेवायचे आणि बॅकअपने ते शेजाऱ्याकडून उचलायचे.

इक्बालभाईंनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे सुनेने सासूशी बोलायचं नाही. निरोप दिराजवळ द्यायचा."

"तसंच."

"मग चालेल, ताई. आमच्या मोहल्ल्यात असंच चालतं, आणि घरं टिकून आहेत."

दुसरा प्रश्न फितींचा होता. नवी आवृत्ती त्या फिती वाचणार नव्हती. आमच्या धंद्यात यावर एकच इलाज असतो, मधली पायरी. जुनं नि नवं यांच्यामधली एखादी आवृत्ती दोन्हींची भाषा जाणते. तिच्याकडून जुन्या फिती वाचून घ्यायच्या आणि त्यातलं सगळं नव्या रूपात पुन्हा साठवायचं. काम किचकट नाही, पण वेळखाऊ. कपाटात फितींची थप्पी होती आणि एकेक फीत निवांत फिरते.

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले. "इतक्या वर्षांपूर्वीचे फोटो कोण मागतं, ताई? माणूस बरा झाला तर विसरतो, नाही झाला तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "राहू द्या ते."

मी हट्ट धरला नाही. पैसे त्यांचे, वेळ त्यांचा. एवढंच म्हटलं की मग फिती टाकू नका आणि जुना सर्व्हर भंगारात देऊ नका. फिती वाचणारं यंत्र त्याच्याच पोटात आहे.

"ताईंची आठवण म्हणून ठेवू," इक्बालभाई म्हणाले, आणि त्यांनी खरंच ठेवला.

साधारण वर्षभराने एका सकाळी त्यांचा फोन आला. थट्टेचा सूर नव्हता. "ताई, पारोळ्यामार्गे धुळ्याला येणारी मिळेल ती गाडी पकडा आणि या. ते जुन्या फितींचं काहीतरी करायचंय."

मी पोहोचले तेव्हा बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सडपातळ, डोक्यावर टोपी, मांडीवर लांबट काळी पेटी. शेजारी चाळिशीचा मुलगा, डोळे सुजलेले. हे दगडूआबा, शिंदखेड्याचे. तिथल्या एका बँडमध्ये ते क्लॅरनेट वाजवतात. मागे गाण्याच्या चाली बदलल्या, गणवेश बदलले, ढोलाच्या जागी बटणांचं यंत्र आलं, पण पुढे क्लॅरनेट आबांचंच.

झालं होतं असं. आबांना खोकला झाला, बरेच दिवस राहिला, म्हणून छातीचा फोटो काढला. त्यात उजव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला एक गोल डाग दिसला. नाशिकच्या छातीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे गाठीचंही असू शकतं, तुकडा काढून बघू, आणि गरज पडली तर फुफ्फुसाचा वरचा भाग काढावा लागेल. मग त्यांनी विचारलं, आधी कधी फोटो काढला होता का? काढला होता. पुष्कळ वर्षांपूर्वी आबांना टीबी झाला होता, औषधं घेऊन ते बरे झाले, तेव्हाचा फोटो याच केंद्रातला. तो आणा, डॉक्टर म्हणाले. डाग तेव्हाही होता आणि तेवढाच होता, तर ती जुन्या दुखण्याची खूण आहे, चाकू लावायची घाई नाही. फोटो नसेल तर मी थांबायचा धोका पत्करणार नाही.

"फोटो तुमच्याकडे असेल ना?" मी आबांना विचारलं. "मोठी काळी फिल्म देतात ती."

आबांनी मुलाकडे बघितलं. मुलगा जमिनीकडे बघत होता.

"पोरेसनी ती फिलम कातरी टाकी," आबा म्हणाले. "गिऱ्हान देखाले. बठ्ठी गल्लीनी मना फुफ्फुसमाईन गिऱ्हान देखं."

म्हणजे ग्रहण बघायला पोरांनी आबांची फिल्म कापली होती. मला हसू आवरेना, आणि मुलाला रडू आवरेना. आबांना दोन्हीचा राग आला नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "माले काय व्हयनं ते तुम्ही तरी सांगा, ताई. डॉक्टर इंग्रजीमा सांगतस नि हाऊ मना आंडोर रडत रडत सांगस. दोन्हीसनं समजत नई. वाजाडाले बंदी करी दिधी, इतलंच समजनं."

मी त्यांना सांगितलं की तुमचा जुना फोटो इथल्या कपाटातल्या एका फितीवर असायला हवा. तो काढायचा प्रयत्न करते.

"फीत शे ना," ते म्हणाले, "मंग लाई द्या. कॅसेट लावाले काय लागस."

डॉक्टर देवरे आतून आले. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी खुर्ची सरकवली, त्यावरून मी समजले की त्यांना आपलं 'राहू द्या ते' आठवतं आहे.

नव्या प्रोग्रॅमला मी फितीचा प्रकार विचारून बघितला, केवळ रीत म्हणून. त्याने नम्रपणे कळवलं की ही वस्तू आपल्या ओळखीची नाही. मग मी जुना सर्व्हर कुठे आहे ते विचारलं. इक्बालभाई मला मागच्या खोलीत घेऊन गेले. सर्व्हर होता. त्याच्यावर प्लास्टिकचं फडकं होतं, फडक्यावर पिण्याच्या पाण्याचा जार होता आणि जारला तोटी होती.

"बरोबर उंचीचा आहे," ते म्हणाले.

आम्ही जार उतरवला. स्वागतकक्षातल्या मुलीने येऊन विचारलं की आता जार कशावर ठेवायचा. डॉक्टर म्हणाले, "माझ्या डोक्यावर ठेव." ती स्टूल शोधायला गेली.

सर्व्हर सुरू झाला, पण त्याची डिस्क मेली होती. म्हणजे यंत्र शाबूत, स्मृती गेलेली. त्याच्यावरचा जुना प्रोग्रॅमही तिच्याबरोबर गेला. तो पुन्हा बसवायला कंपनीची परवानगी लागते, आणि इतक्या जुन्या आवृत्तीला परवानगी द्यायचं कंपनीने कधीच बंद केलं होतं. पण मधली आवृत्ती माझ्याकडे होती. मी दुसरी डिस्क घातली, तिच्यावर जुनी विंडोज चढवली, मग मधली आवृत्ती. यात दुपार झाली. मधून मधून बाहेरून आबांचा खोकला ऐकू यायचा आणि प्रत्येक खोकल्याला डॉक्टर दारात येऊन बघून जायचे, जणू मी पोळ्या लाटते आहे आणि त्यांना भूक लागली आहे.

फीत आत गेली, घरघरली, आणि पडद्यावर तिची ओळख उमटली. मधल्या आवृत्तीने तिला बरोबर ओळखलं. मी हात पुसले. तेवढ्यात तिने पासवर्ड मागितला.

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बॅकअपला पासवर्ड लावलेला असतो, कारण आत लोकांच्या शरीरांचे फोटो आहेत. पण जुन्या सर्व्हरने तो एकदा पाठ केला होता आणि नंतर कुणाला तो टाकायची वेळच आली नव्हती. आता पाठ करणारा गेला होता.

"पासवर्ड कुणी ठेवला होता?" मी विचारलं.

"मी," इक्बालभाई म्हणाले.

"आठवतो?"

"आठवतो." आणि ते दाराकडे बघायला लागले.

"मग सांगा ना."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "सांगत नाही. टाकतो. तुम्ही सगळे बाहेर जा."

"इक्बालभाई, मी मालक आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच तुम्ही आधी जा."

डॉक्टर गेले. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पाठीमागे बटणांचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा बटणं, यावेळी जोरात.

"घेत नाही, ताई."

"दुसरा असेल."

"दुसरा नाही. हाच आहे. हा मी मरेपर्यंत विसरणार नाही."

त्यांच्या बोलण्यावर अविश्वास दाखवण्यात अर्थ नव्हता. मी खुर्चीत बसून विचार करायला लागले. पासवर्ड बरोबर, फीत बरोबर, प्रोग्रॅमने फीत ओळखली, मग अडतंय कुठे? मधल्या आवृत्तीबरोबर आलेली माहिती मी पुन्हा उघडली. तिच्यात नव्या सुधारणांची जंत्री होती, आणि त्यात एका ओळीत कंपनीने मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की आता लांब पासवर्डही चालतील. आता चालतील. म्हणजे आधी चालत नव्हते. आधीच्या आवृत्तीत कितीही लांब शब्द टाका, ती पहिली आठ अक्षरं घ्यायची आणि बाकीची गुपचूप सोडून द्यायची. सांगायचीही नाही. नवी आवृत्ती प्रामाणिक होती, सगळी अक्षरं वाचत होती, म्हणूनच दार उघडत नव्हतं.

"इक्बालभाई, फक्त पहिली आठ अक्षरं टाका."

ते पुटपुटत बोटांवर मोजायला लागले. मग म्हणाले, "आठच तर आहेत. तीच टाकतोय मघापासून."

"पुन्हा मोजा."

त्यांनी पुन्हा मोजली. आठच भरली. माझा तर्क चुकला असेल तर पुढे काही नव्हतं. बाहेर आबा पुन्हा खोकले. मग एकदम माझ्या डोक्यात आलं.

"अक्षरं कुठली मोजताय? मराठी की इंग्रजी?"

"अक्षर म्हणजे अक्षर, ताई."

"टाकलाय इंग्रजीत ना? मग इंग्रजी अक्षरं मोजा. नाहीतर मला सांगा, मी मोजते. आता लाजायची वेळ नाही, त्या माणसाला कापायला निघालेत."

इक्बालभाईंनी दार बंद असल्याची खात्री केली. नंतर, ज्या आवाजाला रांगेतली मुलं घाबरतात तो आवाज अगदी जमिनीला टेकवून, ते म्हणाले, "मेरी गुलाबजामुन."

हे छापायची परवानगी मी त्यांच्या बेगम शमीमभाभींकडून घेतली आहे. इक्बालभाईंकडून घेतलेली नाही.

मी मोजलं. आपल्या लिपीत खरंच आठ अक्षरं. इंग्रजीत किती तरी जास्त. त्यातली पहिली आठ मी टाकली. 'merigula', म्हणजे 'मेरीगुला'. फीत घरघरली आणि धावायला लागली. दाराबाहेरून डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज आला. ते दाराला कान लावून उभे होते हे आम्हाला तेव्हा कळलं.

आबांचा फोटो त्या फितीवर नव्हता, तिच्या पुढच्या फितीवर सापडला. हळूहळू वरून खाली उघडत गेला, आधी खांदे, मग फासळ्या. आत आलेले डॉक्टर हसायचे थांबले. त्यांनी शेजारच्या पडद्यावर आताचा फोटो लावला आणि दोन्हींवर तीच रेघ ओढून मापं घेतली. मग पुन्हा घेतली. मला त्यातलं काही कळत नाही, पण डाग मलाही दिसत होता, इथेही आणि तिथेही.

"बोलवा आबांना," डॉक्टर म्हणाले. आबा पेटीसकट आत आले, मुलगा मागे. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि आबांशी पहिल्यांदाच मराठीत बोलले. "आबा, हा डाग तुमच्या छातीत तेव्हापासून आहे. इतक्या वर्षांत तो तसूभर वाढलेला नाही. जुना भाडेकरू आहे. नाशिकला दोन्ही फोटो पाठवतो, निर्णय तिथले डॉक्टर घेतील, पण मला वाटतं ते कापणार नाहीत."

आबा पडद्याजवळ गेले आणि जुना फोटो बराच वेळ बघत राहिले. मुलगा पुन्हा रडायला लागला. "आते काबर रडस?" ते त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. मी जाऊन फीत बाहेर काढायच्या उद्योगाला लागले.

नाशिकच्या डॉक्टरांनी चाकू लावला नाही. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढा, वाढला नाही तर विसरून जा, असं सांगितलं. पुढच्या फोटोला आबा आले तेव्हा मी योगायोगाने तिथे होते. डाग तेवढाच होता, खोकला गेला होता, वाजवायला परवानगी मिळाली होती, आणि आबा नाराज होते.

"आते माले कोनी इचारत नई," त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "पहिले सुना रोज शिरा देयेत. आते म्हंतस, आबा, बाजारमा जाई या."

त्या दिवसानंतर डॉक्टरांनी कपाटातल्या सगळ्या फिती नव्या रूपात आणायला सांगितल्या. मी महिनाभर जळगाव-धुळे करत होते. आता प्रत्येक तिमाहीला आम्ही एखादा जुना फोटो मुद्दाम काढून बघतो, उघडतो की नाही ते. पासवर्ड बदलला आहे. नवा मला माहीत नाही, पण ठेवताना इक्बालभाई इंग्रजीत मोजत होते. ईदला डॉक्टर त्यांच्या घरी मिठाईचा डबा पाठवतात. कुठली मिठाई ते सांगायला नको. भाभींना वाटायचं डॉक्टरांना ती फार आवडत असावी. खरं कळल्यावर त्यांनी इक्बालभाईंशी दोन दिवस अबोला धरला, आणि हे सांगताना त्या स्वतःच लाजत होत्या.

सगळ्या फिती मात्र वाचल्या नाहीत. काही आतून चिकटल्या होत्या, काहींवर घरघरीशिवाय काही उरलं नव्हतं. वर्षभर आधी, सर्व्हर धडधाकट असताना, त्यातल्या काही निघाल्या असत्या असं मला वाटतं. कुणाकुणाचे गुडघे, कुणाची फुफ्फुसं, कुणाच्या पोटातलं बाळ त्यांच्यावर होतं, हेही आता कळायला मार्ग नाही. त्यातलं कुणी पिंपळनेरहून, साक्रीहून दोन गाड्या बदलून एखाद्या दिवशी आलं आणि म्हणालं की माझा जुना फोटो हवा, तर काय सांगायचं, हे मी आणि इक्बालभाईंनी अजून ठरवलेलं नाही. आम्ही दोघंही तो विषय टाळतो.

गेल्या लग्नसराईत धुळ्याचं काम आटोपून मी रिक्षाने बसस्थानकाकडे निघाले होते. वाटेत वरात आडवी आली. रस्ता भरून माणसं नाचत होती, नवरदेवाचा घोडा मध्येच अडून बसला होता, आणि रिक्षावाला भोंगा वाजवून वाजवून थकला होता. गाडी चुकणार हे दिसत होतं. लाल कोट घातलेली बँडवाली माणसं हळूहळू आमच्या बाजूने पुढे सरकली. सगळ्यात पुढे दगडूआबा होते. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि क्लॅरनेटचा सूर त्या सगळ्या धडधडाटाच्या वर चढलेला. रिक्षाजवळ आल्यावर त्यांनी डोळे उघडले. मला बघितलं. वाजवणं न थांबवता क्लॅरनेट जरासं वर उचललं, आणि पुन्हा डोळे मिटून पुढे गेले.

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "ओळखीचे आहेत का, ताई?"

"माणूस थोडासा," मी म्हटलं. "फुफ्फुस चांगलं ओळखीचं आहे."

त्याने आरशातून माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि पुन्हा भोंगा वाजवायला घेतला.